पाण्यात धरलेली अशरफी

ओव्हाळ मामांसमोर "मला वाटतं" असं म्हणायची सोय नव्हती.

कळंबच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवायला लागले त्याच्या पहिल्या आठवड्यातली गोष्ट. प्रॅक्टिकल चालू होतं. एका मुलीनं पितळेचा गोळा दाखवून विचारलं, "म्याडम, याचं वजन किती असेल?" मी हातात घेऊन म्हटलं, "वीसेक ग्रॅम असेल असं वाटतं." मागून, कपाटाशी उभ्या असलेल्या माणसाचा शांत आवाज आला, "वाटायचं कशाला म्याडम? काटा हाय की."

मुलं हसली. मी नवी होते, लातूरच्या मोठ्या कॉलेजातून शिकून आले होते, आणि बोलणारा माणूस प्रयोगशाळेतला परिचर होता. दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर गोळा काट्यावर ठेवून बघितला. एकतीस ग्रॅम भरला. कपाट पुसता पुसता मामा म्हणाले, "डोळा मत देतो म्याडम, काटा निकाल देतो." त्यात टोमणा नव्हता. बाहेर ऊन पडलंय असं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

लिंबाजी ओव्हाळ हे त्यांचं नाव. गाव भूम तालुक्यातलं ईट. नोकरीत असताना कळंबला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचे. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, बाह्यांची बटणं उन्हाळ्यातसुद्धा मनगटाशी लावलेली. खांद्यावर स्वच्छ धुतलेला पंचा, तो घाम पुसायला नव्हता, हात पुसायला होता. काट्याला हात लावायच्या आधी ते तीनदा हात पुसत. वजनं नेहमी चिमट्यानं उचलत. एखाद्या पोरानं बोटानं वजन उचललं तर रागावत नसत; ते वजन घेऊन मलमलच्या कपड्यानं पुसत बसत, पुसत बसत, इतका वेळ, की पोराला आपलीच लाज वाटावी.

काटा बघताना ते खिडक्या लावायचे, पंखा बंद करायचे आणि श्वास धरायचे. आकडा मात्र स्वतः कधी वाचायचे नाहीत. ज्याची वस्तू त्याला पुढं करायचे, "तुमी वाचा." वस्तू आणणारा चष्मा विसरला असेल तर परत पाठवायचे, चष्मा घेऊन या म्हणून. त्यांचं म्हणणं असं, की आपल्या तोंडून ऐकलेला आकडा माणूस घरी जाईपर्यंत बदलतो. स्वतःच्या डोळ्यानं वाचलेला बदलत नाही.

गावातले लोक त्यांच्याकडं सोनंनाणं घेऊन यायचे, कॉलेज सुटल्यावर, प्राचार्यांच्या परवानगीनं. सोनाराकडं जायला लोकांना धाक वाटायचा. मामांकडं वाटत नसे. ते काही घेत नसत, चहासुद्धा नाही. वस्तू आधी हवेत तोलायची, मग दोऱ्यानं पाण्यात बुडवून तोलायची, आणि दोन्हींवरून ती किती घट्ट आहे ते काढायचं, एवढीच त्यांची विद्या. आर्किमिडीजचा जो प्रयोग मी फळ्यावर चाळीस मिनिटं शिकवायची, तो मामा गिऱ्हाइकाला एका वाक्यात सांगत. "सोनं लई जड, म्हणून पाण्याला कमी जागा मागतं. भेसळीला जास्त जागा लागती." मी पुढं वर्गात तेच वाक्य वापरायला लागले.

जुन्या नाण्यांचा नाद त्यांना वडिलांमुळं लागला. वडील निजामाच्या अमलात भूमच्या कचेरीत निरोप पोचवायचं काम करायचे. लखोट्यावरचं नाव वाचता यावं म्हणून कुणाकुणाला विचारून उर्दू अक्षरं शिकले, आणि मुलाला शिकवून गेले. हैदराबादी नाण्यावर चारमिनार असतो. त्याच्या मधल्या दारात एक बारीक अक्षर असतं. मामांनी मला भिंगातून दाखवलं होतं, "शेवटच्या निजामाच्या नाण्यावर दारात ऐन, त्याच्या बापाच्या नाण्यावर मीम. आमचे वडील म्हणायचे, राजा बदलला की दारातला पहारेकरी बदलतो."

त्यांचा आत्मविश्वास लोकांना खुपायचा. आमच्या ऑफिसातल्या क्लार्कना तर फारच. एकदा हे क्लार्क एक सोन्याचं नाणं घेऊन प्रयोगशाळेत आले. येरमाळ्याला हायवेवरच्या एका हॉटेलात त्यांना दोघंजण भेटले होते. रस्त्याच्या कामात खोदताना हंडा सापडला, शंभरेक नाणी आहेत, गुपचूप विकायची आहेत, एक तपासायला घेऊन जा, असं सांगून ते नाणं त्यांनी दिलं होतं. मामांनी तोललं, पाण्यात धरलं. क्लार्कनी आकडा वाचला.

"काय मामा?"

"खरं हाय."

क्लार्कचा चेहरा फुलला. मामा पुढं म्हणाले, "नमुना खरा हाय, म्हणूनच बाकीची घेऊ नका."

"हे काय बोलणं झालं? खरं आहे तर घेऊ नका?"

"इसरून जावा म्हणत न्हाय. मला संगं न्या."

रविवारी दोघं येसटीनं येरमाळ्याला गेले. पुढचं मला क्लार्कनीच सांगितलं, त्यामुळं त्यात मामांची फुशारकी नाही. त्या दोघांनी फडक्यात बांधलेलं गाठोडं टेबलाखालून दाखवलं आणि वरची दोन नाणी पुढं केली. मामांनी ती घेतली नाहीत. गाठोड्यात मनगटापर्यंत हात घालून तळातलं एक काढलं, हॉटेलवाल्या पोऱ्याला पाण्याचा ग्लास मागितला आणि खिशातून दोरा आणि आपला छोटा काटा काढून टेबलावर मांडला. काटा बघितल्यावर ती माणसं "गाडी बघून येतो" म्हणून उठली. परत आली नाहीत. गाठोडं टेबलाखालीच राहिलं. सगळं पितळ.

क्लार्क त्या दिवसापासून मामांना अहो-जाहो करायला लागले. मामा मात्र होते तसेच राहिले.

पण या माणसाला एक भीती होती, आणि ती मला त्यांच्या बायकोकडून कळली. पारूमावशी बोलक्या, कामाला वाघ. एकदा मी त्यांच्या घरी गेले असताना त्यांच्या कानात सोन्याची छान फुलं दिसली. मी म्हटलं, "मामांनी पारखून घेतली असतील." मावशी मामांकडं बघून हसल्या, आणि मामा उठून पाणी भरायला बाहेर गेले.

"सांगू का तुमाला, लग्नाला वरीस झालं व्हतं," मावशी म्हणाल्या. "नोकरी नवी. ह्यास्नी पाण्यात तोलायची नवी इद्या आली व्हती. म्या न्हायाला गेल्ते. कानातली फुलं काढून कोनाड्यात ठिवली व्हती, माझ्या आईनं दिलेली. ह्येंनी काय केलं, ती उचलून नेली कालेजात. सांजच्याला आले आन मला म्हनाले, पारू, ह्ये सोनं न्हाय. चांदीवर पानी दिलंय."

"मग?"

"म्या म्हनलं, तुमाला कुनी इचारलं व्हतं?"

त्यानंतर दोन वर्षं त्यांनी कानात कडुनिंबाच्या काड्या घातल्या. आईला मरेपर्यंत कळू दिलं नाही. माहेरी जाताना तेवढी फुलं घालायच्या. पुढं मामांनी पगारातून ही नवी फुलं आणली. "चांगली हायेत की," मावशी म्हणाल्या. "पन आईची ती आईची. खोटी आसंना का."

मामा पाण्याची घागर घेऊन आत आले.  मामांनी घागर ठेवली आणि आपणहून बोलले, "तवापासून इचारल्याबिगर मोजत न्हाय म्याडम. आन इचारलं तरी आधी दुसरं एक इचारतो." दुसरं काय ते त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. ते मला बऱ्याच वर्षांनी, जाधव बाईंच्या घरात ऐकायला मिळालं.

जाधव बाई माझ्या शेजारी. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या, सत्तरी ओलांडलेली, पाठ ताठ. त्यांचे वडील येरमाळ्याला प्राथमिक शिक्षक होते. मुलीच्या लग्नासाठी त्यांनी पैन् पै साठवून एक निजामी अशरफी, चारमिनार छापलेलं सोन्याचं नाणं, घेतली होती. घेताना कळंबच्या एका म्हाताऱ्या सोनारानं, आत दुसरा धातू नाही ना हे बघायला, चारमिनारच्या डाव्या मिनाराच्या बुडाशी छिन्नीनं एक तिरका घाव घातला. तांदळाच्या दाण्याएवढा. सोनार म्हणाला, अस्सल आहे. बाई तेव्हा मुलगी. नवं नाणं खराब केलं म्हणून रडल्या होत्या. पुढं ती अशरफी कडी लावून गळ्यात आली, आणि त्या घावावरून अंगठा फिरवायची त्यांना सवय लागली.

नवरा आजारी पडून सोलापूरच्या दवाखान्यात होता तेव्हा बाईंनी ती विकली. मोठा दीर बरोबर होता. परगावच्या ज्या सराफाकडं गेले त्यानं कडी कापून काढली, नाणं घासलं, आणि म्हणाला, निम्मं तांबं आहे. निम्म्याच भावानं घेतलं. दवाखान्यात परत येताना दीर म्हणाला, "तुमच्या वडलांनी लेकीला खोटं नाणं दिलं म्हणायचं." नवरा त्या आजारातून उठला नाही. वडील त्याआधीच गेले होते, त्यांना विचारायची सोय नव्हती. आणि ते वाक्य दिरानं पुढं लग्नाकार्यात दोन-चारदा हसत हसत म्हटलं.

हातात स्मार्टफोन आल्यापासून बाई जुन्या नाण्यांचे ऑनलाइन लिलाव बघायच्या. विकत घ्यायला नाही, नुसतं बघायला. एक दिवस दुपारी त्या चपला न घालता माझ्या दारात आल्या. फोन माझ्यासमोर धरला. फोटोत अशरफी होती, लखलखीत, आणि डाव्या मिनाराच्या बुडाशी तिरका घाव.

"माझी आहे," त्या म्हणाल्या. "मी अंधारातसुद्धा ओळखीन."

खाली भलीमोठी किंमत, शुद्धतेचं प्रमाणपत्र, 'त्वरा करा' वगैरे. मी मामांना फोन लावला. ते निवृत्त होऊन ईटला राहायला गेले होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या येसटीनं आले, खिशात भिंग आणि दोरा.

फोटो मोठा करून त्यांनी बराच वेळ बघितला. मग फोन खाली ठेवून विचारलं, "बाई, मोजायच्या आधी एक इचारतो. खोटं निघालं तर ऐकायची तयारी हाय का? नसंल तर म्या आत्ता गुमान माघारी जातो. वाईट वाटून घेनार न्हाय."

 बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "मामा, तीस-पस्तीस वर्षं मी अर्धंच ऐकून बसलेय. एकजण अस्सल म्हणाला, एकजण भेसळ म्हणाला. आता पुरं ऐकू दे. काहीही निघो."

"मग ऐका. ह्ये खोटं हाय."

मीच म्हटलं, "नुसत्या फोटोवरून?"

"हा घाव बघा. छिन्नीचा घाव कसा आसतो? कड धारदार, एका बाजूला धातू उचललेला. ह्यो साबनावर काढल्यावानी हाय, गुळगुळीत. चारमिनारच्या खिडक्यापन भरल्यात. ह्ये ठोकलेलं नाणं न्हाय, ओतलेलं हाय. साचा करून."

"पण घाव तर तोच आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"तोच हाय. साचा काढला की नाकाडोळ्यासंगं जखमबी उतरती. ह्ये लेकरू हाय बाई. म्हंजी सराफानं ह्येची आई वितळवली न्हाय, ती कुठंतरी हाय. तुमची अशरफी अजून हाय."

बाईंनी डोळे पुसले. मामांना ते बरं वाटलं नसावं, कारण ते लगेच कामाला लागले. विक्रेत्याला माझ्याकडून संदेश लिहवून घेतला, की नाणं पाण्यात धरून तोलल्याचा व्हिडिओ पाठवा. उत्तरादाखल त्यानं तेच प्रमाणपत्र परत पाठवलं. मामांनी दुसऱ्यांदा लिहायला लावलं, की कागद नको, पाणी दाखवा. त्यानंतर उत्तर आलं नाही.

तीन आठवडे बाई आणि मी मूळ नाण्याला, त्या 'आई'ला शोधत होतो. ती सापडली दुसऱ्याच एका लिलावात. फोटो अंधुक, टेबलावर जुनी घड्याळं, त्यात हे नाणं. खाली लिहिलेलं, 'अशरफी, कम कस', म्हणजे हलक्या कसाची. किंमत अगदी कमी. घाव तोच. लिलाव संपायला तीन दिवस होते. विक्रेत्याचा नंबर मिळाला. गुलबर्ग्याचे रऊफचाचा, घड्याळं दुरुस्त करणारे.

दुसऱ्या दिवशी मामा पुन्हा आले. बाईंच्या घरात, सकाळी अकराच्या सुमाराला, माझा फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर पांढरी दाढी, कपाळावर सरकवलेलं घड्याळजीचं भिंग.

मामांची दखनी उर्दू मी पहिल्यांदाच ऐकली. "चाचा, सलाम. तुमारा नाणा लेनेका है हमारे बाईकू. पन पैले तोलना. काटा है क्या तुमारे पास?"

"हौ, है ना. बारीक काटा है, घडी के काम का. बोलो क्या करनेका."

"पंखा बंद करो."

"गर्मी है साब."

"दो मिनट का काम है. हवा से आकडा हिलता."

चाचा हसले, पंखा बंद केला. आधी नाणं नुसतं तोललं. मग मामांनी सांगितलं, काट्यावर पाण्याचा ग्लास ठेवा, आकडा शून्य करा, नाणं दोऱ्यानं बांधून पाण्यात लोंबकळत धरा, तळाला लागू देऊ नका. चाचांनी घड्याळजीच्या सफाईनं दोरा बांधला.

"बुडबुडा चिपक्या है क्या? दोरेकू टिचकी मारो."

"मारी. गया."

मामांनी श्वास धरला. मीही धरला. बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"अब आकडा तुम पढो चाचा. मैं नै पढता."

"शून्य पॉइंट चौसठ," रऊफचाचा म्हणाले.

 नाणं नुसतं किती भरलं तेही मामांनी चाचांनाच वाचून दाखवायला लावलं. मग भागाकार कागदावर बाईंनाच करायला लावला, जुन्या मुख्याध्यापिकेला. भागाकार बरोबर आला. सतरा आणि वर थोडं, म्हणजे नाणं पाण्याच्या सतरापटीहून जड. निम्मं तांबं असतं तर बाराच्या आसपास आलं असतं.

"अजून एक," मामा म्हणाले. "कुनी सोन्याचंच वतलं आसंल तर? चाचा, तुमारा भिंग डोळेकू लगाओ. मिनार के नीचे घाव है. उसकी कड नखकू लगती क्या?"

चाचांनी भिंग लावलं. "लगती. तेज है. एक तरफ धातू उपर उठेली है."

मामांनी मान वर केली. "बाई, नाणं खरं हाय. तुमच्या वडलांनी दिलेलं, तेच, आन बावीस कॅरटच्या बरोबरीचं."

बाई खाली बसल्या. रडल्या नाहीत. नुसत्या म्हणाल्या, "आणखी एकदा म्हणा."

"खरं हाय."

मला वाटलं, आता फोन बंद करायचा आणि दोन दिवस गप्प बसायचं. किंमत कमी होती, कुणी विचारत नव्हतं. पण मामा पडद्याकडं वळले. "चाचा, तुम कम कस कायकू लिखे?"

चाचांनी सांगितलं, की एक माणूस 'बघायला' म्हणून नाणं घेऊन गेला होता, आठ दिवसांनी परत दिलं, म्हणाला, भेसळ आहे, हलक्यात देत असाल तर बघू. आम्ही एकमेकांकडं बघितलं. साचा तेव्हाच निघाला होता.

"भेसळ नै चाचा. असली है. वो आदमी झूट बोल्या. तुमारा लिखा हुआ बदलो, और पानी का आकडा भी लिखो."

चाचांनी पंखा परत लावला. मग हात छातीशी नेला. "अल्ला तुमकू खैर में रखे," म्हणाले.

फोन बंद झाल्यावर मी भडकले. "मामा, दोन दिवस थांबला असता तर काय बिघडलं असतं? आता किंमत वाढणार. बाईंची पैशांची हद्द आपल्याला माहीत आहे."

"म्याडम," ते म्हणाले, "काटा त्येचा, पाणी त्येचं, नाणं त्येचं. मग आकडा तेवढा आपला कसा?"

 

बाईंनी मात्र मामांना एका शब्दानं बोल लावला नाही. त्यांनी फोन घेतला आणि लातूरला दिराला लावला. स्पीकर चालू होता. नव्वदीतला थकलेला आवाज.

"भाऊजी, ती अशरफी खरी होती."

"कोणती अशरफी?"

"माझ्या वडलांची. तुम्ही खोटी म्हणायचा ती."

"मी? मी कधी म्हणालो?" पलीकडं बराच वेळ खरखर. "आठवत नाही बुवा. जेवण झालं का तुमचं?"

बाई हसायला लागल्या. मोकळ्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्यांनी अर्धं आयुष्य जे वाक्य सांभाळलं होतं ते म्हणणारा केव्हाच विसरून गेला होता. मामाही हसले. मी त्यांना एवढं हसताना पहिल्यांदाच बघितलं.

लिलावाच्या शेवटच्या दिवशी मामा तिसऱ्यांदा आले, कुणी बोलावलेलं नसताना. रऊफचाचांनी आकड्यासकट सगळं लिहिलं होतं आणि बोली चढत होती. बाई आपल्या हद्दीपर्यंत शांतपणे चढत गेल्या. हद्द आली. कुणीतरी त्यांच्यावर एक बोली लावली. मी म्हटलं, "बाई, थोडी मी घालते, पुढं जा." मामा खिडकीबाहेर बघत राहिले.

बाईंनी फोन पालथा ठेवला. "नको. मला जे पाहिजे होतं ते परवा मिळालं. आता ती कुणाच्या गळ्यात का असेना, तिथं खरी म्हणून राहील."

मग त्या चहा टाकायला उठल्या. मामांनी त्या दिवशी चहा घेतला, साखर जास्त घालून. जाताना पायरीवर थांबले, मागं वळून म्हणाले, "बाई, तुमच्या वडलांनी मास्तरकीच्या पगारात सोनं घेतलं आन घाव घालून घेतलं. लई हुशार मानूस." बाईंच्या वडिलांबद्दल कुणी चांगलं बोललं की त्यांची मान कशी वर व्हायची ते मी त्या दिवशी बघितलं, आणि नंतरही बघत आले.

रऊफचाचा अधूनमधून मामांना फोन करायचे. नाण्यांसाठीच असं नाही. पाऊसपाणी, गुडघेदुखी, नातवंडं. दोघांची प्रत्यक्ष भेट झाली नाही. मामा गेले तेव्हा चाचांनी मला फोन केला होता.  म्हणाले, "म्याडम, उनो मेरेसे आकडा पढवाए थे."

मामा गेले ते अचानक, उन्हाळ्यात. त्याच्या चार महिने आधी मी त्यांना शेवटचं बघितलं, आणि त्यांनी मला बघितलंच नाही.

मी भूमला निघाले होते. बस ईटला थांबली. स्टँडसमोर दूध घ्यायचं केंद्र होतं, बाहेर किटल्या घेतलेल्या बाया-माणसांची रांग. रांग थांबली होती, कारण मोजायच्या यंत्रासमोर मामा जमिनीवर गुडघे टेकून बसले होते. तोच पांढरा शर्ट, बाह्या मनगटाशी बंद. केंद्रावरचा माणूस वैतागून काहीतरी सांगत होता. मामांनी त्याच्याकडं न बघता एक हात वर केला, थांब म्हणून, आणि गाल जवळजवळ फरशीला लावून यंत्राच्या पायाखाली बघत राहिले. मग शेजारच्या ढिगातून फरशीचा एक तुकडा निवडला, परत ठेवला, दुसरा पातळ निवडला आणि यंत्र डुगडुगायचं थांबेपर्यंत पायाखाली सारला. रांगेतलं कुणीच घाई करत नव्हतं.

कंडक्टरनं घंटी मारली. मी काच सरकवायचा प्रयत्न केला, ती अडकलेली होती. मामा यंत्राला धरून सावकाश उठले, गुडघे झटकले, आणि रांगेतल्या पहिल्या बाईला काहीतरी म्हणाले. काय ते मला ऐकू आलं नाही. बाई हसली आणि तिनं किटली पुढं केली.